उजवीकडची सावली

१९ ऑगस्ट

डॉक्टर रिवारोलांनी वही ठेवायला सांगितली आहे. डोकं केव्हा दुखलं, किती दुखलं, हवा कशी होती, एवढंच लिहा म्हणाल्या. एवढंच लिहायचं तर वही कशाला, भिंतीवर रेघा मारल्या असत्या. लिहायचं तर नीट लिहीन.

तर नीट. मी एव्हारिस्तो ओवेलार, वय त्रेपन्न, धंदा कवळ्या बनवण्याचा, गाव विलारिका. मार्चमध्ये राजधानीच्या मोठ्या इस्पितळात माझ्या डोक्यातून लिंबाएवढी गाठ काढली. साधी होती, पसरणारी नव्हती. कवटीचा तुकडा परत बसवला होता, तो एप्रिलात पिकला, म्हणून काढून टाकला. तेव्हापासून उजव्या कानाच्या वर, तळहात मावेल एवढ्या जागेत, माझ्या मेंदूवर फक्त कातडी आहे. तिथे अ‍ॅक्रिलिकचं झाकण बसवायचं आहे. केव्हा, ते ठरलेलं नाही.

आडवा पडलो की कातडी सपाट असते. उभं राहिल्यावर ती आत ओढली जाते आणि दुखायला लागतं. मेणाची वडी दाबून खड्डा मोजला. तासाभराने अकरा मिलिमीटर. इस्पितळात कोणी मोजला नव्हता.

डॉक्टरबाई आणखी एक म्हणाल्या, "तुमचं डावीकडे लक्ष जात नाही, ओवेलारसाहेब. मुद्दाम डावीकडे बघत जा." मी तिथल्या तिथे नीट बघितलं. डावीकडे काही नव्हतं.

२४ ऑगस्ट

दुखणं दहापैकी सात. उत्तरेचा तापलेला वारा, तिसरा दिवस. या वाऱ्यात शाबूत कवटीची माणसंसुद्धा बायकोवर खेकसतात, कुत्र्याला लाथ मारतात. माझ्याकडे दोन्ही नाहीत.

त्यात लिब्रादाबाईचा खल. ती माझ्या फाटकाशी, आंब्याखाली, बारा वर्षं टेबल मांडून पाल्याचा धंदा करते. गिऱ्हाईक येतं, कोणाला पोटासाठी, कोणाला लघवीसाठी, कोणाला उष्णतेसाठी पाला हवा असतो, आणि ती तो लाकडी खलात ठोकून देते, तेरेरेच्या, म्हणजे आमच्या गार चहाच्या, पाण्यात घालायला. सकाळी सहापासून ठक ठक ठक. मला तो आवाज कानाने येत नाही, भोकातून येतो. आज बाहेर जाऊन सांगितलं, "बाई, तुम्ही पाला कुटत नाही, मला कुटता."

ती म्हणाली, "मास्तर, तुम्हाला कुटून कोणाला पाजू? कडू निघाल."

२७ ऑगस्ट

दुखणं पाच. पाऊस पडून गेला, वारा दक्षिणेचा. खड्डा नऊ.

खलाचा आवाज तीन दिवस एकदम कमी आहे. तिचं गिऱ्हाईक घटलं असावं. खलाखाली तिने गोणपाटाची जाड घडी घातलेली दिसली. टेबलाचा पाय मोडला असेल.

३ सप्टेंबर

दुखणं सहा, दुपारी आठ.

माणसं कशी असतात ते लिहून ठेवतो. आंब्याखालच्या बाकावर लिब्रादाबाई रोज दहा वाजता तेरेरे पीत बसते. पूर्वी मी काम थांबवून बाहेर येत असे आणि आम्ही एकाच शिंगातून, एकाच नळीने पीत असू. ती ओतायची, मी प्यायचो, शिंग परत द्यायचो. बारा वर्षं. मे महिन्यात घरी आलो तेव्हा मळमळत होतं, म्हणून पहिल्याच घोटानंतर मी तिचे आभार मानले. आमच्याकडे शिंग परत देताना आभार मानले की आता पुरे, मला यातून वगळा, असा अर्थ होतो. ते मे महिन्यातलं होतं. तिने ते जन्माचं धरलं.

आजही मी जाऊन बसलो, मुद्दाम, अर्धा तास. ती सावलीच्या बाजूला, माझ्या शेजारीच. ओतल्याचा आवाज येत होता, प्यायल्याचा येत होता. मला एकदाही शिंग पुढे केलं नाही. शेवटी "असू दे मग" असं स्वतःशीच पुटपुटली. मीही मागितलं नाही. ओवेलार मागत नाहीत.

८ सप्टेंबर

दुखणं पाच.

लिब्रादाबाई दुपारचं जेवण देऊन जाते, मी मागितलं नसताना. पण हात आखडता. आज वोरी-वोरीचं सूप होतं, त्यात मक्याचे गोळे मोजून चार, आणि ताटात उकडलेल्या मंदिओका कंदाचा एक तुकडा. मी म्हटलं, "बाई, अर्धं देण्यापेक्षा देऊ नका." ती माझ्याकडे बघत राहिली, मग ताटाकडे. नुसतं ताट उचललं आणि अर्धा फेरा फिरवून परत ठेवलं. पाहतो तो तीन तुकडे मंदिओका आणि सॅलड. कुठून काढलं कळलं नाही. बायका चलाख असतात.

ही वहीसुद्धा फसवणुकीचीच. शंभर पानी म्हणून घेतली, पण पानं इतकी अरुंद की ओळीत चार शब्द मावत नाहीत. वीस दिवसांत निम्मी भरली. दुकानदाराला सांगितलं. तो वही हातात घेऊन बराच वेळ बघत होता, मग म्हणाला, "बरं, मास्तर, दुसरी फुकट घ्या." चोराच्या मनात चांदणं.

१२ सप्टेंबर

दुखणं चार. लापाचोची झाडं गुलाबी फुलांनी भरली आहेत. लोक फोटो काढतात.

आज लिब्रादाबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली, भर उन्हात, डोक्यावर ओला टॉवेल टाकून. सावली सोडून उन्हात का बसावं, तिचं तिला माहीत. आणि आल्या आल्या शिंग माझ्यासमोर धरलं, जसं काही झालंच नव्हतं. चार महिन्यांनी आठवण झाली. मी घेतलं. पुदिना आणि गवती चहा होता, थंडगार. पाच शिंगं प्यायलो.

"काय बाई, राग गेला?" मी विचारलं.

"कोणाचा?"

"तुमचा."

"मला कुठला राग. राग माझ्या बापाला यायचा. शेवटची दोन वर्षं आईला रोज शिव्या द्यायचा."

"का?"

"असंच," ती म्हणाली. "अर्धांगाचा झटका येऊन गेला होता."

दुसऱ्याच्या बापाबद्दल काय बोलणार. शिंग परत दिलं.

१९ सप्टेंबर

दुखणं नऊ. हे वाऱ्याने नाही, देल्फिना इरालाबाईंनी.

या चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. माझ्या आजारानंतरची पहिली कवळी त्यांची. दोन आठवडे खपून केली. आज परत घेऊन आल्या. म्हणाल्या, "ओवेलार, एका बाजूला दाढा आहेत आणि दुसऱ्या बाजूला नुसती गुलाबी हिरडी. मी काय वर्गातल्या पोरांसारखं अर्ध्या तोंडाने बोलू?"

मी कवळी हातात घेऊन, समोर धरून, दिव्याखाली पाहिली. एकेक दाढ जागच्या जागी. मी सांगितलं, "बाई, तुमचा जबडा सरकला आहे. या वयात सरकतो."

"माझा जबडा तुझ्या जन्माआधीपासून इथेच आहे," त्या म्हणाल्या आणि कवळी टेबलावर ठेवून गेल्या.

मी सोळाव्या वर्षी एका दंतवैद्याच्या मागच्या अंगणातल्या फुटक्या कवळ्या गोळा केल्या, त्या फोडल्या, परत जोडल्या, आणि शिकलो. मला कोणी शिकवलं नाही, मला कागद नाही. या गावातले पदवीवाले तीन दंतवैद्य माझ्याकडून काम करून घेतात आणि स्वतःचं म्हणून बसवतात. सदतीस वर्षांत एक कवळी परत आली नव्हती.

कवळी खणात टाकली. दिवा घालवून पडलो. आडवं पडलं की बरं वाटतं, पण पडून किती पडणार.

२६ सप्टेंबर

काल राजधानीला जाऊन आलो. बसमध्ये चार तास बसून, म्हणजे खड्डा बारा, दुखणं आठ. बसची दारं हल्ली अरुंद करतात. डाव्या दंडावर दोन ठिकाणी काळं-निळं झालं.

माझ्या गवती टोपीच्या आत मी अ‍ॅक्रिलिकची वाटी बसवली आहे, भोकावर येईल अशी, कडा घासून गोल केलेली. डॉक्टर रिवारोलांनी टोपी हातात घेतली आणि आत बोट फिरवत राहिल्या.

"हे कुठून आणलंत?"

"आणलं नाही. केलं."

"कोणी?"

"माझ्या टोपीत दुसरं कोण हात घालणार, बाई?"

त्या हसल्या. वय फार तर पस्तीस, पण बोटं शांत आहेत, कामाच्या माणसाची. त्यांनी समजावलं. भोक मोठं आहे, आयत्या वेळी हाताने थापून झाकण करणं त्यांना पसंत नाही. बाहेरून मापाचं मागवायचं तर मार्च उजाडेल. "पण तुम्ही मेणाचा नमुना अचूक करून आणलात, तर आमची माणसं त्यावरून झाकण ओततील, निर्जंतुक करतील, आणि अकरा नोव्हेंबरला मी बसवीन. नमुना एकतीस ऑक्टोबरला माझ्या टेबलावर हवा. कड हाडाला सगळीकडून टेकली पाहिजे, ओवेलारसाहेब. सगळीकडून. नाही टेकली तर ती तारीख दुसऱ्या कोणाची."

अ‍ॅक्रिलिक. पावडर आणि द्रव, कणकेसारखं मळायचं, धागे सुटायचे थांबले की दाबायचं. सदतीस वर्षं मी ते लोकांच्या तोंडात बसवतो. आता माझ्या डोक्यात. मी म्हटलं, "एकतीसच्या आधी येईल."

मार्चपर्यंत मी थांबू शकत नाही. असं उभ्याने दुखणारं डोकं घेऊन काम होत नाही, आणि काम नसलेला ओवेलार कसा असतो ते मला बघायचं नाही.

खाली खिडकीवरच्या कारकुनाने फॉर्म भरला. सोबतीचं नाव विचारलं. सोबत कोणी नसेल तर दाखल करून घेत नाहीत, रात्री औषधं आणायला, पाणी द्यायला माणूस लागतं.

"पत्नी?"

"ब्वेनोस आयरेसला."

"केव्हा येतील?"

"अकरा वर्षांपूर्वी गेली."

त्याने पेन्सिलीने रिकामी ओळ दाखवली. "इथे नाव लागेल. येताना भरून आणा." फॉर्म घडी घालून खिशात ठेवला.

९ ऑक्टोबर

दुखणं पाच.

स्वतःच्या डोक्याचा साचा स्वतः काढता येत नाही. आठ दिवस प्रयत्न केला. आरसे लावले, डाव्या हाताने प्लास्टर धरलं, ते गळून गेलं. शेवटी लिब्रादाबाईला हाक मारली. काय करायचं ते तीनदा सांगितलं. ती म्हणाली, "मास्तर, मी सहा पोरांची जावळं काढलीत आणि तीन मढी धुतलीत. तुमचं डोकं त्यांच्या मधलंच काहीतरी आहे."

तिने केस काढले, व्हॅसलीन लावलं. मी श्वास रोखून धरला होता. "घ्या श्वास, मडकं नाही आहात," म्हणाली. मग तिचा तळहात त्या जागेवर आला. एप्रिलपासून तिथे मी आणि हातमोजे सोडून कोणी हात लावला नव्हता.

"हलतंय हो," ती हळू म्हणाली.

"मेंदू आहे. नाडी लागते."

"तान्ह्या पोराच्या टाळूसारखं." थोड्या वेळाने, प्लास्टर घट्ट होईपर्यंत धरून असताना, म्हणाली, "माझी तिघं स्पेनमध्ये आहेत. दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आयांना आंघोळी घालतात. फोनवर सांगतात, आई, हात कसे धरायचे ते आम्हाला शिकवलंय तिथे, सर्टिफिकेट आहे."

मी म्हटलं, "कागदाने काही होत नाही." तिचा हात चांगला होता. बावीस मिनिटं हलला नाही.

साचा उत्तम उतरला. त्यावरून डोक्याची उजवी बाजू प्लास्टरमध्ये ओतली. कातडीतून हाडाची कड बोटाला लागते, ती मी पेन्सिलीने आखली. आता माझं डोकं माझ्याच टेबलावर आहे, नाक उजवीकडे करून.

फॉर्मचं मी तिला काही बोललो नाही. तिचा धंदा आहे.

२० ऑक्टोबर

दुखणं सात, पण त्याचं काही नाही. नमुना झाला.

अकरा दिवस, रोज चार तास, दर अर्ध्या तासाला दहा मिनिटं जमिनीवर आडवा पडून. जाडी चार मिलिमीटर, सगळीकडे सारखी. कपाळाकडची कड अशी बसली आहे की सिगरेटचा कागद आत जात नाही. घालून पाहिला. एवढं चांगलं काम मी डोकं शाबूत असतानाही केलं नव्हतं.

कोणाला तरी दाखवावं असं वाटलं. दार उघडून उभा राहिलो. दुपारी दोनला या गावात रस्त्यावर कुत्रं नसतं.

२२ ऑक्टोबर

दुखणं दहा. दहा मी आजवर लिहिलं नव्हतं.

लिब्रादाबाई सकाळी खोली झाडून गेली. मी बाजारातून आलो, टेबलाकडे पाहिलं, तर नमुन्याची कड तुटलेली. तीन बोटं रुंद भाग गायब. पेन्सिलीची रेघ उघडी पडलेली आणि मेण तिच्या कितीतरी अलीकडेच संपलेलं. नऊ दिवस हातात, आणि ही अवस्था.

मी बाहेर गेलो. गिऱ्हाईकं होती, तरी बोललो. काय बोललो ते सगळं लिहीत नाही. अडाणी हात म्हटलं. फुकटचं जेवण देऊन घरात शिरते म्हटलं.

तिने खल बाजूला ठेवला. गिऱ्हाईकाला म्हणाली, थांबा जरा. मग मला, आवाज न चढवता, "मास्तर, मी तोडलं काही नाही. टेबल पुसताना तुमचं डोकं उलटं फिरवून ठेवलं, बस. दीड महिना तुमचं ताट फिरवतेय, आज ते फिरवलं."

"ताट कशाला फिरवता?"

"कारण तुम्ही अर्धंच जेवता. डावीकडचं तसंच राहतं. माझा बाप तसाच जेवायचा, आणि आईला म्हणायचा, अर्धं वाढतेस. दोन वर्षं शिव्या खाल्ल्या तिने, ताट फिरवायचं तिला कोणी सांगितलं नाही. मला ती गेल्यावर सुचलं." तिने पाल्याच्या जुड्या पोत्यात भरायला घेतल्या. "तुम्ही शिव्या देत नव्हता, म्हणून चाललं होतं. आज दिल्यात."

टेबल दुमडून ती औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर गेली.

मी आत आलो. खोटं बोलते, असं म्हणालो, मोठ्याने, खोलीत.

२३ ऑक्टोबर

दुखणं मोजलं नाही.

पहाटे खणातून इरालाबाईंची कवळी काढली. समोर धरली. एकेक दाढ जागच्या जागी. मग ती हातात अर्धा फेरा फिरवली.

गुलाबी हिरडी. तीन दाढांची जागा, गुळगुळीत, पॉलिश केलेली. दाढा बसवायला विसरलो नव्हतो, बसवायला काही आहे हेच मला दिसलं नव्हतं. आणि पॉलिश मात्र केलं होतं.

मग ही वही. उलटी धरली. प्रत्येक पानाचा अर्धा भाग कोरा आहे. पहिल्या पानापासून. मी फक्त उजवीकडच्या कडेने, चार-चार शब्दांत, खाली उतरत गेलो आहे. शंभर पानांपैकी पन्नास पानं कोरी होती, उभी. दुकानदाराने मला दुसरी वही फुकट दिली होती.

आज मुद्दाम पान फिरवून डाव्या कडेला तांबडी रेघ मारली आहे, आणि रेघ दिसेपर्यंत डोकं वळवून तिथून लिहितो आहे. वाकडंतिकडं होतं. पण रेघेजवळ जाताना असं वाटतं की मी दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकतो आहे.

बाकाचंही आत्ता कळलं. ती सावलीत बसून, माझ्या डावीकडून, रोज शिंग पुढे करत होती. मे, जून, जुलै, ऑगस्ट. आणि मी समोर रस्ता बघत, तोंड फुगवून.

२७ ऑक्टोबर

दुखणं आठ. वारा उत्तरेचा. खड्डा बारा.

मेण नव्याने लावतो आहे. साच्याच्या मागच्या कडेला तांबडा दोरा चिकटवला आहे. दोरा बोटाला लागल्याशिवाय थांबायचं नाही. दर पाव तासाला साचा फिरवायचा. फिरवला की दर वेळी काहीतरी उणं निघतं. जुनी पद्धत होती, डोळ्यांवर विसंबायची. सदतीस वर्षांची पद्धत मोडायला पाच दिवस म्हणजे जास्त नाहीत.

इरालाबाईंच्या तीन दाढाही बसवल्या. नेऊन दिल्या. त्यांनी तोंडात घालून दोन-तीनदा चावून पाहिलं आणि विचारलं, "माझा जबडा जागेवर आला का?"

"हो बाई. चूक माझी होती."

"शाबास," त्या म्हणाल्या. वर्गात म्हणत असतील तसं. मला बरं वाटलं, याचीच लाज वाटली.

फाटकाशी शांत असतं. ठक ठक नाही. डोकं तरीही दुखतं.

३० ऑक्टोबर

उद्या इस्पितळ. नमुना डब्यात, कापसात. फॉर्मवरची ओळ रिकामी.

औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत दोनशे बारा पावलं आहेत. तीन वाक्यं तयार करून गेलो होतो. तिच्यासमोर उभा राहिलो. फॉर्म काढून टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"इथे एक नाव लागतं. सोबत म्हणून. आठ-दहा दिवस."

"कोणाचं?"

"ज्याचं असेल त्याचं."

"मास्तर, तुम्ही मला विचारताय की कागदाला?"

मागे दोन गिऱ्हाईकं उभी होती. मी म्हटलं, "तुम्हाला. आणि त्या दिवशी मी बोललो ते... ते सगळं डावीकडचं होतं. मला दिसलं नाही."

तिने जुड्या सारख्या केल्या. मग म्हणाली, "उद्याही येऊ का? एकट्याने जाल आणि डबा डाव्या बाजूला ठेवून विसरून याल."

"या."

"उजव्या रांगेत बसू. खिडकी मला. तुम्हाला नाहीतरी डावीकडची खिडकी काय कामाची."

फॉर्मवर तिने स्वतः नाव लिहिलं, पूर्ण. लिब्रादा फ्रान्को, गोदोयची विधवा. नातं विचारलं होतं, तिथे लिहिलं: फाटकाशी बसते.

३१ ऑक्टोबर

डॉक्टर रिवारोलांनी साच्यावर नमुना ठेवला आणि कडेने नख फिरवलं, पुढून मागे, मागून पुढे. कुठेच अडलं नाही. म्हणाल्या, "मागची कड पुढच्याहून चांगली आहे. कशी केलीत?"

"फिरवून," लिब्रादाबाई म्हणाली. मी बोलणार होतो, त्याआधी.

१६ नोव्हेंबर

इस्पितळ. झाकण बसलं. डोक्यावर पट्टी, टाके एकोणतीस, मोजायला तिला सांगितलं. दुखणं सहा, पण हे वेगळं आहे, कापल्याचं दुखणं, उभं राहिल्याचं नाही.

नर्सने सोबतीची खुर्ची खाटेच्या डावीकडे ठेवली होती, भिंत तिकडे होती म्हणून. लिब्रादाबाईने ती उचलून वाटेत, उजवीकडे ठेवली. नर्स ओरडली, "आजी, इथे येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडचण होते." ती म्हणाली, "होऊ दे, मी बारीक आहे."

५ डिसेंबर

घरी येऊन दहा दिवस. खड्डा शून्य. मोजायला मेण लागत नाही, बोटाला कळतं, गोल आहे, माझं आहे. दुखणं सकाळी दोन, दुपारी एक. ही नोंद आता पुढच्या भेटीपर्यंत आठवड्याने करायची असं ठरवलं आहे. डावीकडचं अजून येत नाही, कधीतरी थोडं येईल म्हणतात. तांबडी रेघ चालू आहे.

तिचं टेबल फाटकाशी परत आलं. सकाळी मी जाऊन खलाखालचं गोणपाट ओढून काढलं. म्हटलं, "कुटा."

तिने कुटलं. ठक, ठक. आवाज आला, झाकणाशी आला आणि बाहेरच थांबला.

मग बाक उचलला. जड आहे, दोनदा खाली ठेवावा लागला, तिला हात लावू दिला नाही. आंब्याच्या दुसऱ्या बाजूला नेला आणि असा ठेवला की दहा वाजता सावली उजव्या टोकाला पडेल. पायऱ्यांवर बसून आधी दोन दिवस पाहून ठेवलं होतं, कितीला कुठे पडते.

ती आली, बाकाकडे पाहिलं, वर झाडाकडे पाहिलं. टॉवेल डोक्यावरून काढून खांद्यावर टाकला आणि उजवीकडे बसली. मी उन्हात. माझ्याकडे टोपी आहे.

ओतलं, दिलं. प्यायलो, परत दिलं. ती दर वेळी शिंग हातात घेऊन जरा थांबायची, मी काही म्हणतो का ते बघायला. मला म्हणायचं होतं. बारा वर्षांचं म्हणायचं होतं, ताटांचं, गोणपाटाचं, बावीस मिनिटांचं.

नऊ शिंगं झाली. मी आभार मानले नाहीत. तिने दहावं ओतलं.